तीन हात आणि खाजेचा थेंब

अनुभव लिहायला डोक्यावर पांढरे केस लागतात म्हणे. माझे सगळे काळे आहेत आणि नोकरीला अजून दहा वर्षंही पुरी नाहीत. तरी संपादकांनी मला पकडलं, कारण गल्लीतल्या गणपतीत त्यांनी माझ्या नकला बघितल्या होत्या. म्हणाले, "तिथं केलंस तेच कागदावर कर." आता कागदावर आवाज कसा काढायचा, भुवई कशी उडवायची, ते काही त्यांनी सांगितलं नाही. पण मागं हटणारे आपण नाही. जिथं जमेल तिथं तुम्हीच मोठ्यानं आवाज काढून वाचा. घरात कोणी झोपलं असेल तर जरा जपून.

मी नाशकात, मेन रोडच्या आतल्या बोळात, एका चामडीच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर आहे. शाळा निफाडची. तिथं मी दोन गोष्टींत कायम पहिला. एक, मास्तरांची नक्कल करण्यात; दोन, त्यासाठी मार खाण्यात. आणीबाणी उठली त्या सुमाराला नाशकात आलो आणि इथं चिकटलो. काम काय, तर नंबर लावायचे, मलम घोटून डब्या भरायच्या, गोळ्यांच्या पुड्या बांधायच्या, साहेबांचं अक्षर पेशंटला वाचून दाखवायचं. आणि टेस्टच्या दिवशी पेशंटचा हात धरून घड्याळाकडं बघत बसायचं. हे शेवटचं काम दिसायला सगळ्यांत सोपं. याच कामात मी आपटलो, आणि तेच सांगायला बसलोय.

आमचे डॉक्टरसाहेब म्हणजे भला माणूस. सडपातळ, हळू बोलणारे. खूश असले की मला 'अशोक' म्हणतात. 'अशोकराव' म्हणाले की समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय.

त्यांचा एकच दोष. ते पेशंटला खरं खरं समजावून सांगायचे. म्हणजे असं: "हे बघा, त्वचेत मास्ट नावाच्या पेशी असतात, त्यातून हिस्टामिन नावाचं द्रव्य बाहेर पडतं." पेशंट मान डोलवायचा, बाहेर यायचा आणि मला विचारायचा, "भाऊ, आंबट बंद का चालू?"

एकदा साहेब लवकर आले तेव्हा मी बाकावरच्या मंडळींना त्यांची नक्कल करून दाखवत होतो. चष्मा नाकावर, बोटं एकमेकांत अडकवून, "हे बघा, हिस्टामिन..." सगळे हसत होते आणि मग एकदम गप्प झाले. मागं वळलो तर साहेब. मला वाटलं, चला, निफाडची गाडी पकडा. पण ते म्हणाले, "माझी नक्कल बरी जमते. आता त्या हिस्टामिनची करून दाखव."

दोन दिवस विचार केला आणि हिस्टामिनची नक्कल बसवली. ती ऐका, पुढं लागणार आहे.

एक गल्ली आहे. म्हणजे आपली कातडी. गल्लीत ओट्यावर एक म्हातारा बसलेला असतो. काम एकच, चोर दिसला की ओरडायचं. ही ती साहेबांची मास्ट पेशी. एरवी शहाणा म्हातारा. पण काही जणांच्या अंगातला म्हातारा भित्रा निघतो. मांजर आडवं गेलं तरी "चोssर! चोssर!" म्हणून बोंब ठोकतो. ती बोंब म्हणजे हिस्टामिन. बोंब ऐकली की सगळी दारं धाडधाड उघडतात, लोक रस्त्यावर येतात, कोणी नळ सोडतं, पाणीच पाणी होतं. म्हणजे काय, तर रक्ताच्या बारीक नळ्या रुंदावतात, त्यातलं पाणी बाहेर झिरपतं, कातडी लाल होऊन फुगते आणि आग आग खाज सुटते. यालाच आपण म्हणतो, पित्त उठलं, गांधी उठल्या. चोर कुठं नसतोच. मांजर असतं.

आणि आपली ती ॲलर्जीची पिवळी गोळी? ती म्हाताऱ्याला गप्प करत नाही बरं का. ती गल्लीच्या कानात कापसाचे बोळे घालते. म्हातारा ओरडतोच आहे, पण कोणाला ऐकू येत नाही, म्हणून कोणी उठत नाही. हे वाक्य डोक्यात ठेवा. मला ते तोंडपाठ होतं, डोक्यात नव्हतं.

ही नक्कल बसली आणि माझा भाव वाढला. सातपूरला मशीनवर काम करणारे पगारेदादा यायचे. त्यांची कातडी म्हणजे पाटी. काडीनं नुसती रेघ ओढली तरी पाच मिनिटांत रेघ फुगून वर यायची. त्यांचे दोस्त जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या पाठीवर काय काय लिहायचे. एकदा सदरा काढला तर पाठीवर ठळक अक्षरांत 'दुसरी पाळी'. मी सगळं नाटक करून दाखवल्यावर दादा म्हणाले, "म्हणजे माझा म्हातारा नुसत्या बोटानं ओरडतो?" मी म्हटलं, "दादा, तुमचा म्हातारा झोपेतसुद्धा ओरडतो." हसले, आणि गोळी नेमानं घ्यायला लागले. आधी सहा महिने साहेब सांगत होते तेव्हा घेत नव्हते.

सगळ्याच खाजा या म्हाताऱ्याच्या नसतात. सिन्नरकडचे एक बाबा होते. बांधावरच्या गाजर गवतानं त्यांची मान आणि तोंड काळंठिक्कर, जाड झालेलं. त्यांना पिवळी गोळी म्हणजे चणा फुटाणा, काही फरक नाही. तिथं बोंब नसतेच. तिथं पंचायत बसते. बैठक बोलावणार, पानसुपारी होणार, दोन दिवसांनी ठराव होणार आणि मग मारामारी. त्यातली द्रव्यं वेगळी, ती हळू येतात आणि हळू जातात. म्हणून त्या टेस्टची पट्टी पाठीला दोन दिवस चिकटवून ठेवायची असते. साहेब मुंबईच्या परिषदेला जाऊन आले की अशी आणखी नवी नावं घेऊन यायचे. "अशोक, हिस्टामिन एकटं नाही, त्याच्याबरोबर अजून बरेच जण सापडलेत!" लहान पोराला गोट्या सापडाव्यात तसा चेहरा व्हायचा. मी म्हणायचो, "साहेब, नकला किती जणांच्या बसवू?"

तर असा मी, गल्लीतला हुशार. आता आपटलो कसा ते ऐका.

येवल्याहून दोघी जणी आल्या. सासू कौतिकबाई आणि सून शोभा. घरात पैठणीचे दोन माग, त्यावर शोभाचा सासरा आणि नवरा. घरच्या बायका एकाच रहाटावर कच्चं रेशीम उकलायच्या आणि ते धुऊन रंगवून आलं की त्याच्या कांड्या भरायच्या. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती दोऱ्याची छोटी नळी. कौतिकबाईंनी तीस वर्षं कांड्या भरल्या होत्या. शोभा लग्न होऊन आली, रहाटापुढं बसली, आणि तासाभरात अंगभर गांधी. डोळे सुजायचे, ओठ सुजायचे. आमसुलाचं पाणी लावून झालं, घोंगडी पांघरून झाली. पण कामावरून उठली की संध्याकाळपर्यंत अंग साफ. दाखवायला काही शिल्लक नाही.

हे शेवटचं तिच्या मुळावर आलेलं. कौतिकबाईंचं ठाम मत, की पोरगी आळशी आहे आणि अंग खाजवून खाजवून लाल करते.

"माझ्या हातातनं तीस वर्षं रेशीम गेलं," बाकावर बसल्या बसल्या त्या सगळ्यांना ऐकवत होत्या. "मला कधी मुंगी बी नाय चावली. हिलाच बरं चावतं? रेशमाला काय दात हायेत?"

शोभा खाली मान घालून. वीसेक वर्षांची असेल. निघायच्या आधी पहाटे तिला रहाटापुढं बसवलं होतं. कशाला, तर डॉक्टरला पित्त ताजं दिसावं म्हणून. अर्थात एसटीत येईपर्यंत बहुतेक विरलं होतं. मानेवर दोन-तीन गांधी आणि खाज मात्र जबरदस्त. पदराच्या आड ती खाजवत होती आणि सासू बघते म्हणून थांबत होती. खाज थांबवून धरणं काय असतं ते चामडीच्या दवाखान्यात काम करणाऱ्याला विचारा.

कौतिकबाई बाहेर नळावर पाणी प्यायला गेल्या. मी काउंटरवरून उठलो. मला त्या दिवशी सर्दी होती, नाक वाहत होतं, म्हणून त्याच पिवळ्या गोळ्यांची पट्टी सदऱ्याच्या खिशात. एक मी सकाळी घेतली होती. दुसरी शोभाच्या हातावर ठेवली. "वहिनी, घ्या. तासाभरात बरं वाटेल."

ती घाबरून दाराकडं बघायला लागली. "आत्याबाईंनी बघितलं तर?"

"त्यांना काय कळतंय? गिळून टाका."

गिळली तिनं. मला वाटलं, आपण केवढे दयाळू. टेस्टच्या आधी गोळी चालत नाही हे मला माहीत नव्हतं का? शंभर वेळा मीच लोकांना सांगितलं होतं, तेही साहेबांच्या आवाजात. पण त्या फक्त दाखवायला आल्यात, टेस्टला दुसरी तारीख देतात, असं मी गृहीत धरलं.

आत गेल्यावर साहेबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "इतक्या लांबून परत कशाला यायचं? आजच करून टाकू." कौतिकबाई हुशार, पिशवीत कच्च्या रेशमाची लड घेऊनच आल्या होत्या. साहेबांनी ते मिठाच्या पाण्यात भिजवलं, गाळलं. थेंब तयार.

टेस्ट अशी असते. हाताच्या आतल्या बाजूला तीन थेंब ठेवायचे आणि प्रत्येक थेंबातून सुईनं हलकं टोचायचं. पहिला थेंब नुसतं मिठाचं पाणी, त्यानं काही उठायला नको. दुसरा थेंब चक्क हिस्टामिन, बाटलीतलं. त्यानं कोणाच्याही हातावर गांधी उठलीच पाहिजे. तिसरा, ज्याच्यावर संशय आहे तो. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि फुटपट्टीनं मोजायचं. नेमकी त्या दिवशी हिस्टामिनची बाटली संपलेली. पुढची बाटली मुंबईहून यायची होती. साहेब जरा घुटमळले, मग म्हणाले, "असू दे. केस उघड आहे."

आणि सवयीप्रमाणे विचारलं, "आठवड्यात काही गोळ्या-बिळ्या घेतल्या का?"

शोभानं तोंड उघडायच्या आत सासूच बोलली, "कुठल्या गोळ्या? आमी आजवर कुठं डाक्टर केलाच नाय."

शोभानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. सासूसमोर ती कशी सांगणार, की ह्या माणसानं मला चोरून गोळी दिली? तिला वाटलं असेल, हा दवाखान्यातलाच आहे, हा सांगेल. आणि मी काय करत होतो? दाराशी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या पेशंटला त्याचाच आवाज काढून नंबर सांगत होतो. तिची ती नजर मला दिसली होती. कळली दुपारी.

वीस मिनिटं झाली. शोभाचा हात सपाट. टोचल्याची खूणसुद्धा नीट दिसेना.

साहेबांनी चष्मा वर केला. "रेशमाला काही नाही दिसत. दुसरं काही कारण असेल, आपण पुढं—"

"काय नाय ना?" कौतिकबाई उठल्याच. त्यांना तेवढेच दोन शब्द हवे होते. "ऐकलं का गं? डाक्टर म्हन्ला, काय नाय! नाटकं सगळी. आता येवल्याला न्यायची नाय तुला. हितनंच सायखेड्याला तुझ्या बापाकडं सोडते. त्याला म्हनावं, पोरगी नाटकात घाल."

शोभा नुसती आपल्या हाताकडं बघत राहिली. स्वतःच्या हातानं दगा दिल्यावर माणूस बघेल तसं. दोघी गेल्या. साहेब अस्वस्थ. म्हणाले, "काहीतरी चुकतंय." मी म्हटलं, "साहेब, सासूच चुकतेय." आणि वर कौतिकबाईंची नक्कलपण केली. साहेब हसले नाहीत.

एक वाजता पोस्टमन पार्सल घेऊन आला. हिस्टामिनची नवी बाटली. आमच्याकडं पद्धत अशी, की नवी बाटली आली की पहिला थेंब माझ्या हातावर. माझ्या हाताला त्याची इतकी सवय, की त्याला पगार द्यायला पाहिजे. साहेबांनी थेंब ठेवला, टोचलं. मी खाजवायच्या तयारीत बसलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. काही नाही.

"बाटली खराब निघाली, साहेब."

साहेबांनी माझ्या हाताकडं बघितलं, मग माझ्या लाल नाकाकडं. "तू काही घेतलंयस का?"

"एक सर्दीची गो..."

तो शब्द मी पुरा केला नाही. खिशावर हात गेला. खिशात पट्टी. पट्टीत दोन घरं रिकामी.

मी सगळं सांगितलं. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुढं केला, मी पट्टी त्यांच्या हातावर ठेवली, ती त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकली. मग म्हणाले, "अशोकराव, त्या मुलीच्या गल्लीत तुम्ही कापूस वाटून आलात. आणि दुसरा थेंब नसताना मी टेस्ट केली, ती माझी चूक. आता त्या दोघी कुठं असतील?"

मी सायकल काढली. मेन रोडवरून एसटी स्टँडपर्यंत घंटी वाजवत गेलो, आणि लोकांनी ज्या शिव्या दिल्या त्यांची नक्कल इथं छापता येणार नाही. एसटी वेळेवर सुटत नाही अशी लोक तक्रार करतात. मी त्या दिवसापासून करत नाही. सायखेड्याची गाडी लागायची होती. कौतिकबाई फलाटावर पिशवीवर बसलेल्या, शोभा खांबाला टेकून उभी. रडून झालेलं दिसत होतं.

मी धापा टाकत म्हटलं, "मावशी, परत चला. टेस्ट चुकली. चूक माझी आहे. मी वहिनींना गोळी दिली होती, त्यामुळं हातावर काही उठलं नाही."

कौतिकबाई सावकाश उभ्या राहिल्या. "तू? तू कोन रे हिला गोळी देनारा? कवा दिली?"

"तुम्ही पाणी प्यायला गेला होता तेव्हा."

झालं. मी आग विझवायला गेलो आणि रॉकेल ओतलं. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. कौतिकबाई सुनेकडं वळल्या. "माझ्या पाठीमागं परक्या मानसाच्या हातनं खातीस? आनि डाक्टरनं इचारलं तवा गप?"

शोभा सासूसमोर पहिल्यांदा बोलली. "खाजत होतं, आत्याबाई. लय खाजत होतं. तुमी खाजवू देत नव्हता."

तेवढंच. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणाचा आवाज काढावासा वाटला नाही.

आता काय करावं? मी नेहमीसारखा विनोद करायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हटलं, "मावशी, हिच्यावर विश्वास नका ठेवू. माझ्यावर तर नकाच ठेवू. स्वतःच्या हातावर ठेवा. बाटलीतला एक थेंब तुमच्या हातावर टाकू. उठलं नाही, खाजलं नाही, तर मी स्वतः तुम्हाला गाडीत बसवून देतो आणि येवल्याच्या चौकात उभा राहून सांगतो, की मी गाढव आहे."

"ते तर तू हायेसच," कौतिकबाई म्हणाल्या. पण पिशवी उचलली. तीस वर्षं रेशीम काढून काही न झालेला हात होता त्यांचा. त्यांना त्या हाताची खात्री होती.

दवाखान्यात टेबलावर तीन हात ठेवले. एक माझा, एक शोभाचा, एक कौतिकबाईंचा. कौतिकबाईंनी अटी घातल्या. बाटली एकच. थेंब त्यांच्या डोळ्यांसमोर पडणार. आणि त्यांचा थेंब सगळ्यात शेवटी, म्हणजे मधे कोणी बाटली बदलली तर कळेल. साहेबांनी सगळं मान्य केलं. प्रत्येकाला नवी सुई. टोच, टोच, टोच. घड्याळ मधे.

पाच मिनिटं झाली. मी सांगत होतो. "मावशी, बाटलीत नुसती बोंब भरलेली आहे. आम्हा दोघांच्या गल्लीत सकाळी कापूस वाटलाय..."

"तू गप," कौतिकबाई म्हणाल्या.

आठव्या मिनिटाला त्यांनी हात जरा हलवला. दहाव्या मिनिटाला दुसरा हात आपोआप टेबलावर आला. थेंबाच्या जागी डास चावल्यासारखी फुगलेली गांधी, भोवती लालभडक कडं. बोट जवळ नेलं.

"खाजवू नका," साहेब म्हणाले. "मोजायचंय."

"पर लय खाजतंय वो."

"अजून पाच मिनिटं."

ती पाच मिनिटं मी विसरणार नाही. कौतिकबाई खुर्चीत वळवळत होत्या. पदर चावला. पाय हलवला. एकदा उठून परत बसल्या. माझा हात सपाट, शोभाचा हात सपाट, आणि मधे ती टच्च लाल गांधी. शोभा सासूकडं बघत होती. मग काय झालं कोण जाणे, तिनं आपला हात टेबलावरून उचलला आणि सासूच्या गांधीच्या भोवती, जरा लांब, बोटाच्या पेरानं हळूहळू चोळायला लागली. मोजायच्या जागेला धक्का न लावता. खाज कुठं खाजवायची आणि कुठं नाही, हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

कौतिकबाईंनी हात मागं घेतला नाही.

साहेबांनी फुटपट्टी लावली, आकडा लिहिला, मग म्हणाले, "एका थेंबाचं हे. तिच्या सगळ्या अंगावर असं येतं."

कौतिकबाईंनी हात उजेडाकडं वळवून गांधी निरखली. मग म्हणाल्या, "माझ्या अंगात बी हाय म्हना हे?"

"प्रत्येकाच्या अंगात आहे. तुमचं रेशमाला ओरडत नाही, तिचं ओरडतं. एवढाच फरक."

त्या दोघी त्या दिवशी सायखेड्याच्या नाही, येवल्याच्या गाडीत बसल्या. आठ-दहा दिवस गोळी बंद ठेवून परत आल्या. या वेळी चार थेंब. मिठाचं पाणी सपाट. हिस्टामिन उठलं. कच्च्या रेशमाचा थेंब असा उठला, की साहेबांनी लगेच इंजेक्शन हाताशी काढून ठेवलं. चौथा थेंब साहेबांच्या डोक्यातून निघालेला. उकळून, धुऊन स्वच्छ केलेल्या रेशमाचा. तो सपाट! म्हणजे मांजर रेशीम नव्हतं, रेशमावरचा तो डिंकासारखा लेप होता. रहाटावर कच्चं रेशीम उकलताना त्याचीच धूळ उडते. मागावर जाईपर्यंत तो धुऊन गेलेला असतो.

"म्हणजे हिनं रहाटापुढं बसायचं नाही," साहेब म्हणाले. "मागावर बसली तर हरकत नसावी. सुरुवातीला जपून."

"मागावर?" कौतिकबाई म्हणाल्या. "आमच्यात मागावर गडी बसतो." मग शोभाकडं बघून, स्वतःशीच बोलल्यासारखं, "बघू. कांड्या काय, माझा हात हायेच."

हे झालं गोड. कडू पण सांगतो. त्या आठवड्यात मी आधीचं आठवत बसलो. दया येऊन बाकावर मी आणखी कोणाकोणाला गोळी दिली होती आणि मग दुसऱ्या थेंबाशिवाय केलेली टेस्ट सपाट आली होती? तीन जण आठवले. साहेबांनी तिघांना पत्रं लिहिली, मी पेटीत टाकली. एक आला, त्याची टेस्ट परत केली, या वेळी हात उठला. एकानं कळवलं, की आता ठीक आहे. तिसरी एक शाळामास्तरीण होती. तिचं उत्तर आलं नाही. बदली झाली म्हणे. तिला मी मांजर नाही म्हणून सांगून पाठवलं होतं. असेल तर ती अजून त्याच मांजराबरोबर राहत असेल. रांगेत नवं माणूस बसलं की ती तर नाही ना, म्हणून अजून मी आधी चेहरा बघून घेतो.

पुढच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. दवाखाना गच्च. मी आत साहेबांना ड्रेसिंगला मदत करत होतो. तेवढ्यात बाहेरून आवाज, "चोssर! चोssर!" साहेब दचकले. मी पण. कारण आवाज माझा होता, आणि मी तर आत होतो.

दार जरासं उघडून बघितलं. बाकांच्या मधे कौतिकबाई उभ्या. बरोबर आणलेल्या शेजारणीला आणि जमलेल्या वीसेक लोकांना माझं सगळं नाटक करून दाखवत होत्या. ओट्यावरचा म्हातारा, गल्ली, नळाचं पाणी, कानातले बोळे. भुवई माझ्यासारखी उडवलेली. मी बोलताना कानामागं खाजवतो, हे मला त्या दिवशी कळलं. लोक पोट धरून हसत होते. कोपऱ्यात शोभा बसली होती, ती सगळ्यात जास्त. साफ चेहरा, सुजलेलं काही नाही.

"...आनि आयका," कौतिकबाई माझ्याच चालीत म्हणाल्या, "ते आतलं पोरगं बाहेर यील, गोड बोलंल आनि खिशातनं गोळी काढंल. घ्यायची नाय! आधी टेष्ट, मग गोळी. माझी सून ह्याच्या एका गोळीपायी खोटी ठरली व्हती. म्हायेरच्या गाडीत बसवायला निघाले व्हते मी तिला." एवढ्यावर त्यांचा आवाज माझा राहिला नाही, त्यांचा झाला. "मागावर बसती आता. ह्या दसऱ्याला काठ तिनं इनलाय. सासऱ्यापरीस सरळ."

मागून साहेब म्हणाले, "नक्कल चांगली करतात. अशोकराव, बाहेर जा आणि खिसे दाखवा त्यांना."

गेलो. वीस माणसांसमोर दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. नंबराचे बिल्ले आणि एक हातरुमाल. कौतिकबाईंनी रुमाल झटकून बघितला, मग परत दिला आणि शेजारणीला म्हणाल्या, "जा आता आत. आज साफ हाय."